उंबरठ्यापाशी विसावलेले संत चोखामेळा

सोलापूरकरांना पंढरपूर नवे नाही. आषाढीच्या दिवसांत शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आपल्या शहरातून पुढे जाते, तेव्हा जातिधर्माचा भेद न पाहता अनेक घरांतून वारकऱ्यांना पाणी व फराळ दिला जातो. तथापि ज्या वाटेने ही पालखी तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढे अशी मुक्काम करीत पंढरीस पोहोचते, त्या वाटेवरची जुनी गावे आपल्यापैकी किती जणांनी थांबून पाहिली असतील, ह्याची शंका वाटते. मध्ययुगीन नगरे पाहावयाची म्हणून लोक सातासमुद्रांपलीकडे जातात. आपल्या दारापासून दोन तासांच्या अंतरावर सातशे-आठशे वर्षांपूर्वीची नगरे उभी आहेत, ह्याचे स्मरण मात्र राहत नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही काही जणांनी एक दिवस काढून ही वाट धरली. सोबत ह्या भागाच्या इतिहासाची उत्तम जाण असलेले एक निवृत्त शिक्षक होते. त्या दिवशी पाहिलेल्या स्थळांच्या आधाराने संत चोखामेळा ह्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

मंगळवेढ्याची वाट

सोलापूरहून मंगळवेढे सुमारे 55 किलोमीटर. पहाटे निघालो तेव्हा दोन्ही बाजूंच्या काळ्या रानांत शाळू पोटरीतून बाहेर पडून दाण्यावर आला होता. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी प्रसिद्धच आहे. 2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकनही मिळाले. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतील दवावर हे पीक उभे राहते. जमिनीची ही श्रीमंतीच ह्या गावाच्या मध्ययुगीन वैभवाचे मूळ होय. जेथे धान्य पिकते तेथे कोठारे येतात, कोठारांच्या मागोमाग अधिकारी येतात, आणि त्या साऱ्यांच्या रक्षणासाठी तटबंदी येते. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे चोखोबांच्या मृत्यूचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

वाटेत बेगमपूर येथे भीमा नदी लागते. पलीकडे माचणूर. औरंगजेब बादशहाने 1695 ते 1699 ह्या काळात येथील ब्रह्मपुरीस छावणी ठेवली होती. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा कारभार चार वर्षे ह्या नदीकाठावरून चालला, आणि आज तेथे नदीचा घाट, सिद्धेश्वराचे देऊळ व किल्ल्याचे पडके अवशेष एवढेच उरले आहे. आमच्या मार्गदर्शकांनी येथे फार वेळ थांबू दिले नाही. बादशहाच्या छावणीपेक्षा एका वेठबिगाऱ्याची समाधी पाहण्यासाठी आपण निघालो आहोत, हे त्यांनी आम्हांस पुन्हा आठवून दिले.

मंगळवेढे हे बाराव्या शतकात कलचुरी घराण्याचे राजधानीचे नगर होते. बिज्जल राजाने कल्याणीचे सिंहासन हस्तगत करण्यापूर्वी त्याची सत्ता येथूनच चालत असे, आणि महात्मा बसवेश्वर ह्यांच्या आयुष्याचा आरंभीचा काही काळ ह्याच गावी गेला. पुढे पंधराव्या शतकात दुष्काळात सरकारी कोठारे भुकेलेल्यांसाठी उघडणारे दामाजीपंत येथे होऊन गेले. कान्होपात्राही ह्याच गावची. ह्या थोर व्यक्तींच्या मधल्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकात, मंगळवेढ्याच्या मातीत चोखामेळा ह्यांचे आयुष्य गेले आणि तेथेच संपले.

जन्म व कुळ

चोखामेळा ह्यांचा जन्म तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महार कुळात झाला. परंपरा त्यांचे जन्मस्थान आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा हे सांगते. देवगिरीच्या यादवांचे राज्य तेव्हा भरभराटीस आले होते. ज्ञानेश्वर (1275 ते 1296) आणि नामदेव (1270 ते 1350) हे चोखोबांचे समकालीन. मराठी भाषेला नुकतेच ग्रंथांचे वैभव लाभत होते आणि भीमेच्या वाळवंटात वेगवेगळ्या जातींचे भक्त कीर्तनासाठी एकत्र येत होते.

परंतु वाळवंटातील समता गावात शिरताच संपत असे. महारांची वस्ती गावकुसाबाहेर. गावाची वेस राखणे, सांगावे पोहोचविणे, सरकारी ओझी वाहणे, शेतांच्या सीमांची साक्ष देणे, मेलेली गुरे ओढून नेणे ही कामे त्यांच्याकडे वंशपरंपरेने चालत आलेली असत. ह्या श्रमांच्या मोबदल्यात बलुत्याचे धान्य आणि दारोदारचे शिळे अन्न मिळे. गावाचे चलनवलन ज्यांच्या हातांवर चालले होते, त्यांच्याच हातचे पाणी गावास चालत नव्हते. चोखोबांनी हीच कामे केली. ते आपल्या जातीच्या कामाला पाठ दाखवून वैरागी झाले नाहीत. बायकोमुलांसह संसारात राहिले आणि ओझे वाहता वाहता नामस्मरण करू लागले. महार मंडळी गावातील वरिष्ठांना ज्या शब्दाने अभिवादन करीत, त्या जोहारालाच त्यांनी अभंगाचे रूप दिले आणि धनी म्हणून पांडुरंगाला उभे केले.

संत नामदेवांना त्यांनी गुरुस्थानी मानले. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार, जनाबाई दासी. ह्या मंडळीत चोखोबांना प्रेमाचे स्थान मिळाले. मंगळवेढ्याहून पंढरपूर सुमारे 25 किलोमीटर. ही वाट चोखोबांनी किती वेळा तुडविली असेल, त्याची गणती कोण करणार?

एका कुटुंबाची वाणी

चोखोबांच्या चरित्रातील एक विशेष आम्हांस फार मोलाचा वाटतो. भक्तीची ही वाट त्यांनी एकट्याने चालली नाही. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, निर्मळेचे पती बंका आणि पुत्र कर्ममेळा ह्या सर्वांनी अभंगरचना केली. सातशे वर्षांपूर्वी, अक्षरओळखीचा अधिकारही नाकारलेल्या एका घरातील पाच माणसांचे शब्द आजवर टिकून राहावेत, ही आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातील असामान्य घटना होय. चोखोबांचे अभंग मंगळवेढ्याच्या अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले, असे परंपरा सांगते. तसे असेल तर गावातील सर्वांचीच अंतःकरणे बंद नव्हती, हेही त्यावरून ध्यानात येते.

सोयराबाई आपल्या अभंगांत स्वतःची ओळख चोख्याची महारी अशी करून देतात. विटाळ म्हणजे काय, हा प्रश्न त्यांनी निर्भयपणे विचारला. देह जर अपवित्र, तर तो सर्वांचाच अपवित्र. विटाळावाचून ह्या जगात कोणाचाही जन्म झालेला नाही, असा त्यांच्या विचाराचा रोख आहे. त्यांचा अभंग किशोरी आमोणकर ह्यांच्या स्वरांतून महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला. परंतु तो गुणगुणणाऱ्या अनेकांना ती रचना गावकुसाबाहेरच्या एका स्त्रीची आहे हे ठाऊक नसते.

चोखोबांच्या स्वतःच्या अभंगांत दोन सूर एकत्र नांदतात. एका सुरात ते आपल्या हीन गणल्या गेलेल्या जन्माचे कारण पूर्वकर्मात शोधतात आणि देवाच्या पायांशी नम्र होतात. दुसऱ्या सुरात ते त्याच देवाला जाब विचारतात. दार बंद का, मार का खावा, तू असताना हे कसे घडते, असे प्रश्न त्यात आहेत. पुत्र कर्ममेळा मात्र वडिलांपेक्षा तिखट आहे. उष्ट्यावर जगण्यास लावून देवाने कोणती कृपा केली, असा रोकडा सवाल तो करतो. बाप सोसतो आणि मुलगा विचारतो, हे आपण आपल्या घरांतही पाहतो. त्या पोराचा राग वडिलांच्या अभंगांबरोबरच जपून ठेवला गेला, ह्याबद्दल आपण परंपरेचे ऋणी असले पाहिजे.

मंदिर आणि दार

विठ्ठल मंदिरात चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणून ओळखला जाणारा एक मोठा लेख आहे. 1273 ते 1277 ह्या काळात मंदिरास दान देणाऱ्यांची नावे व त्यांच्या देणग्या त्यात कोरलेल्या आहेत. यादव राजा रामचंद्र ह्याचेही नाव त्यात आहे. श्रीमंतांची नावे मंदिराच्या दगडावर उमटत होती, त्याच पिढीत चोखोबांसारख्या भक्ताला त्या दगडाला स्पर्श करण्याचीही मुभा नव्हती. ते महाद्वाराशी उभे राहत, कळसाला हात जोडत आणि परत फिरत.

लोकांनी चोखोबांविषयी ज्या कथा जपल्या, त्या बहुतेक ह्या बंद दाराभोवती फिरतात. ताहराबादचे चरित्रकार महिपती (1715 ते 1790) ह्यांनी भक्तविजय ग्रंथात संतांच्या अशा कथा ओवीबद्ध केल्या. अशी एक कथा सांगते की, देवाने स्वतः चोखोबांना राउळात नेले व आपल्या गळ्यातील हार त्यांना घातला. सकाळी हार दिसेना, तेव्हा चोरीचा आळ चोखोबांवर आला आणि बैलांना बांधून त्यांना ओढण्याची शिक्षा झाली; पण बैल जागचे हललेच नाहीत. दुसरी कथा जेवणाची आहे. देव चोखोबांच्या पंक्तीस बसला असता सोयराबाईंच्या हातून दही सांडले, चोखोबा देवाला पीतांबर सांभाळण्यास सांगू लागले. ते ऐकून जवळून जाणाऱ्या पुजाऱ्याने संतापाने त्यांच्या मुखात मारली. पुजारी मंदिरात जाऊन पाहतो तो देवाचाच गाल सुजलेला आणि पीतांबर दह्याने माखलेला.

ह्या कथांकडे इतिहास म्हणून पाहण्याचा आमचा आग्रह नाही. मात्र त्या रचणाऱ्या समाजाला मनोमन काय कळले होते, ते त्यांतून समजते. गरिबाच्या गालावर बसलेला तडाखा देवाला लागतो, ही जाणीव त्या सामान्य माणसांना होती. तरीही दार उघडले गेले नाही. कथेत देव बाहेर येऊन चोखोबांबरोबर जेवला. व्यवहारात मात्र चोखोबा बाहेरच राहिले. जाणीव आणि आचरण ह्यांत शतकानुशतके केवढे अंतर राहू शकते, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

गावकुसाखालचा मृत्यू

चौदाव्या शतकाच्या आरंभी यादवांचे राज्य लयास गेले. 1327 साली मुहम्मद तुघलकाने देवगिरीस दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी हलविली, आणि दख्खनच्या ठाण्यांना लष्करी महत्त्व आले. अशा अस्थिर काळात मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम निघाले. त्या कामासाठी आसपासच्या महार मंडळींना वेठीला धरून आणण्यात आले. त्यांत चोखोबाही होते. वय झालेले, आयुष्यभर ओझी वाहून थकलेले शरीर. परंतु वेठीचे काम नाकारण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

शके 1260, म्हणजे इसवी सन 1338, वैशाख वद्य पंचमीस काम चालू असता तट कोसळला. अनेक मजूर ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि त्यांत चोखामेळा ह्यांचा अंत झाला. ज्या भिंतीच्या आत राहण्यास त्यांना जन्मभर मनाई होती, तीच भिंत उभारताना ती त्यांच्या अंगावर आली. त्यांच्याबरोबर मृत्यू पावलेल्या इतर मजुरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आमचे मार्गदर्शक हे सांगताना काही वेळ थांबले. गावात आता बाजाराची वर्दळ सुरू झाली होती, दुकानांपुढे ज्वारीची पोती उतरत होती. आम्ही चोखोबांच्या स्मारकापाशी उभे राहून त्या अनामिक मजुरांसाठीही क्षणभर मौन पाळले.

बातमी पंढरीस पोहोचली तेव्हा नामदेव मंगळवेढ्यास आले. ढिगारा उपसला गेला, परंतु इतक्या अस्थींतून चोखोबांच्या अस्थी ओळखाव्यात कशा? परंपरा सांगते की नामदेवांनी एकेक अस्थी कानाशी लावली, आणि ज्यांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या उचलल्या. ह्या प्रसंगात चमत्कार किती आणि शोक किती, हे वेगळे काढण्याची गरज आम्हांस वाटत नाही. एक मान्यवर संत एका अस्पृश्य मजुराच्या अस्थी हाताने उचलतो आणि कानाशी नेतो, एवढीच गोष्ट त्या काळात केवढी मोठी होती!

पंढरपूरचे महाद्वार

दुपारी आम्ही पंढरपुरास पोहोचलो. नामदेवांनी चोखोबांच्या अस्थी येथे आणून मंदिराच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधविली. पुढे नामदेवांनीही त्याच दारातील पायरीखाली चिरविश्रांती घेतली, असे वारकरी मानतात. भक्तांचे पाय आपल्याला लागावेत ही त्यांची इच्छा होती. त्यामुळे आज दर्शनास येणारा वारकरी आधी नामदेव पायरीला व चोखोबांच्या समाधीला वंदन करतो. ज्याला आत जाऊ दिले नाही, त्याच्यासमोर मस्तक नमवूनच आत जाण्याचा प्रघात पडला.

परंतु समाधीला नमस्कार करणारा समाज चोखोबांच्या जातबांधवांना मात्र पुढेही सहा शतके दारातच थांबवीत राहिला. साने गुरुजींनी हा विरोधाभास सहन होईना म्हणून महाराष्ट्रभर दौरा काढला आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. 10 मे रोजी उपोषणाची सांगता झाली आणि मंदिर सर्वांस खुले झाले. चोखोबांच्या मृत्यूनंतर 609 वर्षांनी ते दार उघडले.

चोखोबांचे नाव विसाव्या शतकात अनेकांनी जागविले. गाडगे महाराजांनी पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि 1949 साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. स्वतः बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला 1948 सालचा इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा ह्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. चोखोबांच्या सोशिकतेचा मार्ग बाबासाहेबांना मान्य नव्हता. हक्क मागून व झगडून मिळवावे लागतात, अशी त्यांची शिकवण होती. तरीसुद्धा त्या संताच्या शीलापुढे ते नतमस्तक झाले. मतभेद असूनही आदर कसा राखावा, हे येथे शिकण्यासारखे आहे.

आपल्यापुरता विचार

ख्रिस्ती अभ्यासकांनीही ह्या संतपरंपरेकडे आदराने पाहिले आहे. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट ह्यांनी महिपतींच्या संतचरित्रांची इंग्रजी भाषांतरे केली. येशूसंघीय फादर गी देल्युरी ह्यांनी वारकऱ्यांबरोबर पायी वारी केली आणि त्यांचा विठ्ठलसंप्रदायावरील ग्रंथ 1960 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या अंगणात पादत्राणे काढून उभे राहण्याची ही रीत आपल्या पूर्वसूरींनी घालून दिलेली आहे.

तथापि चोखोबांचे चरित्र केवळ दुसऱ्यांच्या मंदिराविषयी आहे असे समजून आपण ते बाजूस ठेवू नये. भारतातील कॅथलिक धर्मगुरूंच्या परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले, तेव्हा ख्रिस्तसभेच्या आतही अस्पृश्यतेचा व्यवहार आढळतो, हे उघडपणे मान्य केले. आपल्या मंदिराचे दार सर्वांना उघडे असते हे खरे. पण सोयरिकीच्या वेळी, पंक्तीच्या वेळी, धर्मग्रामाच्या समित्यांवर माणसे नेमण्याच्या वेळी आपल्या मनात एखादा उंबरठा शिल्लक नाही ना, हे प्रत्येक कुटुंबाने प्रामाणिकपणे तपासून पाहिले पाहिजे. आपल्यातील अनेकांचे पूर्वज चोखोबांच्याच वस्तीतून आले आहेत, हे सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. सोयराबाई आणि कर्ममेळा ज्या कुळात जन्मले, ते कुळ अभिमानाने सांगावे असेच आहे.

सायंकाळी चंद्रभागेच्या वाळवंटात थोडा वेळ बसून आम्ही सोलापूरची वाट धरली. पंढरपूर ते सोलापूर सुमारे 70 किलोमीटर. रात्रीच्या जेवणास सर्व जण घरी होते. एका दिवसात होणारी ही यात्रा आपल्या युवक मंडळांनी व शाळांनी अवश्य करावी, असे आम्ही सुचवू इच्छितो. सकाळी लवकर निघावे, माचणूरचा घाट पाहावा, मंगळवेढ्यात दामाजीपंतांचे मंदिर व चोखोबांचे स्मारक पाहावे आणि दुपारपर्यंत पंढरपूर गाठावे. आषाढी-कार्तिकीची गर्दी टाळून जानेवारीच्या सुमारास गेल्यास वाटेवरची उभी ज्वारीही पाहावयास मिळते. महाद्वारापाशी मात्र घाई करू नये. तेथे उभे राहून मुलांना एवढेच सांगावे की, ह्या जागी एक भला माणूस जन्मभर दार उघडण्याची वाट पाहत उभा होता. आपल्या दारापाशी असे कोणी उभे नाही ना, हे घरी गेल्यावर पाहा.